किमान एक बोट

मित्रांनो, मी एक जुना हंस आहे. अंगावर एक पीस नाही, उडता येत नाही, आणि पोहायचे म्हटले तर कुणालातरी पोटात बसून पाय मारावे लागतात. तरी हंसच. तळ्यावर येणारी मुले मला बदक म्हणतात आणि मोठी माणसे 'ती पायाने चालवायची बोट' म्हणतात. मी कुणाला दुरुस्त करत बसत नाही. वय झाले की माणसेसुद्धा अशा गोष्टी सोडून देतात, मग हंसाने का धरून ठेवाव्यात?

माझा जन्म तळ्यावर झाला नाही, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या आणि कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभे राहणारे पुतळे बनत. साचेवाले काका साच्याला आतून मेण लावत, त्यावर पांढऱ्या रंगाचा थर देत, मग काचेच्या धाग्यांची चटई अंथरून तिला ब्रशने राळ पाजत. एक थर वाळला की पुन्हा चटई, पुन्हा राळ. वास असा की शेजारचा कुत्रा शिंकून शिंकून दुसऱ्या गल्लीत राहायला गेला. माझे पोट झाले, पाठ झाली, पंख झाले आणि मानेपाशी आल्यावर राळेचा डबा रिकामा झाला. मला न्यायला गाडी सकाळीच येणार होती. काकांनी अर्ध्या मानेवरच डोके बसवून टाकले.

काकू चहा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

"हे बदक कुणाचं?"

"हंस आहे तो," काका म्हणाले.

"मग मान कुठाय त्याची?"

"लाजाळू आहे. खाली घालून चालतो."

"म्हणजे तुमच्यावर नाही गेला," असे म्हणून काकू कपबश्या ठेवून निघून गेल्या.

तर अशा घरातून मी तळ्यावर आलो. तळे मोठे आहे. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला झाडी, मध्ये पाणी, आणि हे सगळे पक्ष्यांसाठी व प्राण्यांसाठी राखून ठेवलेले. माणसांनी यायचे ते पाहुणे म्हणून. फाटकाशी तिकिटाची खिडकी, तिथून पायवाट, वाटेत बसायला बाके, पक्षी बघायला एक मचाण, आणि पायवाट संपते तिथे आमचा लाकडी धक्का. पाण्यात लाल डब्यांची एक माळ तरंगत असते. माळेच्या अलीकडे आम्ही फिरायचे, पलीकडे पक्ष्यांनी. पक्षी मात्र दोन्हीकडे फिरतात. त्यांना तिकीट नाही, मग नियम कुठून असणार?

आम्ही चार भाऊ एकदम आलो आणि आम्हाला सांभाळायला मावशी आल्या. त्यांचे खरे नाव फाटकावरच्या माणसालाही ठाऊक नव्हते. सकाळी आमची पोटे पुसायची, चाकात अडकलेले शेवाळ काढायचे, माणसांना हात धरून आत बसवायचे आणि "उभं राहायचं नाही, वाकायचं नाही, भांडायचं असेल तर परत येऊन भांडा" असे सांगून काठीने लोटून द्यायचे, हे मावशींचे काम. सांगून उपयोग होत नसे. माझ्या पोटात दोन आसने आणि दोघांच्या मध्ये वळवायचा दांडा एकच. तो कुणाच्या हातात, यावर अनेक संसारांची परीक्षा झाली. एका जोडप्यात ती इतकी लांबली की मी जागच्या जागी गरगर फिरत राहिलो, पाण्यात भोवरा पडला, आणि चक्कर आलेले मासे आपणहून काठाला लागले. त्या दिवशी पाणकावळ्याने बसल्या जागी जेवण केले. खोटे वाटत असेल तर तळ्याला विचारा. तळे काही बोलणार नाही, म्हणजे कबूल आहे.

एकदा एक पैलवान आपल्या आईला घेऊन आला. दोघे बसले तेव्हा तळ्याचे पाणी इतके चढले की काठच्या बेडकांनी बिऱ्हाडे हलवली. आणखी एकदा दूर देशाहून आलेली एक खरीखुरी हंसीण माझ्या शेजारी उतरली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलत होती. शेवटी रागावून उडून गेली. मला बोलता येत नाही, हे तिला सांगायला मला बोलता आले नाही. त्याचे अजून वाईट वाटते.

ते दिवस चांगले होते. लोक माझ्या मानेभोवती हात टाकून फोटो काढत. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येत, आणि उतरताना नातवंडांपेक्षा आजोबांचीच पावले जास्त रेंगाळत. मग हळूहळू ऊन लागले. माझा पांढरा रंग पिवळा पडला, डाव्या पंखाला चीर गेली. भावांचे तर माझ्याहून वाईट झाले. दोघांच्या पोटात पाणी शिरले आणि ते कुठल्याशा गोदामात गेले. तिसऱ्याच्या तळाला भोके पाडून, आत माती घालून, त्याला फाटकापाशी फुलझाडांची कुंडी केले. दिसतो छान. पण माझ्याकडे बघत नाही. धक्क्यावर उरलो मी एकटा आणि मावशी.

दरवर्षी पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत बोटी बंद असतात. तेव्हा मावशी मला धक्क्याशेजारच्या चिखलातून ओढून लव्हाळ्यात ठेवतात आणि खुंटाला बांधून टाकतात. मी तिथे पडून आराम करतो. एका वर्षी असाच पडलो असताना माझ्या पोटात कुणीतरी शिरले. काळपट अंग, कपाळावर लाल टिळा, हिरवट लांब पाय, आणि शेपूट सारखी झटकायची खोड. पाणकोंबडी होती. तिने आत सगळीकडे फिरून पाहिले, एका आसनाला नापसंती दाखवली आणि पेडलांच्या मध्ये खाली जागा पसंत केली. मग नवरा-बायको दोघे मिळून लव्हाळ्याच्या पात्या ओढून आणू लागले. पात्या पेडलांत अशा गुंफल्या की ते हलणे बंद झाले. बाकीच्या पक्ष्यांची पिल्ले तोवर पाण्यावर फिरायला लागली होती. ही दोघे उशिरा जागी झालेली.

मावशींनी मला झाडायला म्हणून आत डोके घातले आणि तशाच मागे सरल्या. आत ठिपक्या-ठिपक्यांची बदामी अंडी होती.

"हे बघ," त्यांनी वनरक्षकाला बोलावले.

हा वनरक्षक म्हणजे मावशींच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. बाकी सगळे त्यांना उगाच मावशी म्हणत, हा हक्काने म्हणे. त्याला लोक शिट्टीदादा म्हणत, कारण कुणी मोठ्याने बोलले की तो शांततेसाठी शिट्टी वाजवी. त्या शिट्टीने जेवढे पक्षी उडत तेवढे बोलण्याने कधी उडाले नसतील.

शिट्टीदादाने वाकून पाहिले. "मावशी, हंगाम तोंडावर आलाय. फलक वाचलास ना नवा?"

मावशींनी वाचला होता. फलक धक्क्याच्या तोंडाशीच उभा केला होता, आणि त्यावरचे नियम वरच्या मॅडमनी पाठवले होते. मॅडम म्हणजे या सगळ्या राखीव जागेच्या प्रमुख. धक्क्यावर आता कुणी फारसे येत नाही, तो चालू ठेवायचा की काढून टाकायचा, असे वरती विचारले जात होते. म्हणून मॅडमनी एक अट घातली होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी धक्क्याची किमान एक बोट पाण्यात असली पाहिजे, नाही तर धक्का कायमचा बंद. बंद झाला तर मावशींची बदली टेकडीमागच्या गाड्या लावायच्या जागेत. तिथून तळे दिसत नाही.

"तिथे सावली आहे म्हणतात," शिट्टीदादा म्हणाला. "खुर्चीपण देणार आहेत."

"मला पाण्याकडे पाठ करून बसता येत नाही," मावशी म्हणाल्या. "झोप येते."

"मग घरटं उचलू या अलगद आणि ठेवू या त्या झुडपात. काय कळतंय तिला?"

"तुझ्या आईची तू झालास तेव्हाची खाट कुणी उचलून अंगणात ठेवली होती का? बघ, कळलं असतं की नाही तिला."

मग शिट्टीदादाला दुसरी युक्ती सुचली. फाटकापाशी माझा भाऊ होताच. तो आणू आणि सोडू पाण्यात.

"त्याच्या तळाला भोकं आहेत."

"मग पोहेल थोडा वेळ."

"पोहेल कसला? झेंडू लावून बुडेल."

मित्रांनो, आता तुमच्या लक्षात आले असेल. मला पाण्यात लोटले तर अंडी घरंगळली असती, आणि पाणकोंबडी परत आली नसती. मला लोटले नाही तर मावशी टेकडीमागे गेल्या असत्या. मी मधे पडलो होतो आणि माझ्या हातात काही नव्हते. मला हातही नाहीत.

पुढचे दिवस मावशी रोज धक्क्यावर येऊन फलकासमोर उभ्या राहत. फलक सुंदर होता. अक्षर टपोरे, प्रत्येक काना सरळ, प्रत्येक मात्रा डौलदार. शिट्टीदादाने याच दिवसांत आपल्या शिट्टीतली गोटी काढून टाकली होती, त्यामुळे ती वाजवली की नुसती 'फुस्स' होई. पाणकोंबडीला त्रास नको म्हणून. जेवढे तो करू शकत होता, तेवढे त्याने केले. आणि एक दिवस फलक वाचता वाचता मावशी थांबल्या, एका शब्दावर परत आल्या, आणि हसल्या. मी त्यांना तेव्हा कितीतरी दिवसांनी हसताना पाहिले.

हंगामाचा पहिला दिवस उजाडला. सकाळीच एक आजोबा दोन नातवंडांना घेऊन धक्क्यावर आले. गळ्यात दुर्बीण, डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली, अशी सगळी तयारी. मावशी धक्क्याच्या कडेला पालथी मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांनी उजवा हात खाली सोडला होता. त्या हाताचे एक बोट पाण्यात बुडालेले.

"आजोबा, त्या काय करतायत?" नातीने विचारले.

"मासे चावतात का ते बघत असतील."

"चावतात का हो?" नातवाने मावशींनाच विचारले.

"अजून नाही," मावशी म्हणाल्या. "बसा तुम्ही बाकावर. आज थोडी वाट बघावी लागेल."

शिट्टीदादा शेजारी उभा होता. "मावशी, हात तरी बदल. सुरकुत्या पडल्या."

"सुरकुत्या आधीच्याच आहेत."

मग मॅडम आल्या. उंच, चिखलातले बूट घातलेल्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी धक्का पाहिला, पाणी पाहिले. पाण्यावर काहीच नव्हते.

"मावशी, बोट कुठे आहे?"

"पाण्यात."

"मला दिसत नाही."

"हे काय," मावशी म्हणाल्या आणि पाण्यातले बोट जरा हलवले.

मॅडम वाकल्या, बोट पाहिले आणि सरळ झाल्या. "मी बसायच्या बोटीबद्दल विचारतेय."

"फलक हाताच्या बोटाबद्दल बोलतोय, मॅडम. 'किमान एक बोट पाण्यात असावे.' बसायची ती बोट, तिला 'असावी' म्हणतात. हाताचं ते बोट, त्याला 'असावे'. फलकात 'असावे' आहे. मी सकाळपासून नियम पाळतेय."

शिट्टीदादा दुसरीकडे बघू लागला. आजोबा उठून फलकापाशी गेले, त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि "बरोबर आहे बुवा" असे म्हणून परत येऊन बसले.

मॅडमनीही फलक वाचला. "हे मी रंगाऱ्याला फोनवर सांगितलं होतं. मी 'असावी' म्हणाले होते."

"त्याने 'असावे' ऐकलं असावं," शिट्टीदादा म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडे एकदा पाहिले. मग मावशींना म्हणाल्या, "आणि मी पाची बोटं घालायला सांगितली असती तर?"

"पाची बोटं सारखी नसतात. जमलं नसतं."

मॅडम हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. "मावशी, तुम्ही इतकी वर्षं बोट पहाटेच तयार ठेवता. आज का नाही?"

मावशींनी पाण्यातून हात काढला, पदराला पुसला आणि त्यांना लव्हाळ्याकडे घेऊन आल्या. मॅडम माझ्या पोटात वाकल्या. पाणकोंबडी अंड्यांवर बसलेली होती. ती हलली नाही. मॅडमनी नकळत हात जरा पुढे केला, तर तिने टोच मारली. पाहुण्यांनी कुठे हात लावायचा नाही, हे तिला फलकावर लिहून द्यावे लागले नाही.

मॅडम बोट चोळत मागे सरल्या. मग म्हणाल्या, "आजची अट पूर्ण झाली, असं धरते. फलकात जे लिहिलंय ते लिहिलंय. पण फलक दुरुस्त होईल त्या दिवशी बसायची बोट पाण्यात लागेल. त्या दिवशी नसली तर मला धक्का बंद करावा लागेल, मावशी. वरती मला तेच सांगायचंय."

मावशी नुसत्या "बरं" म्हणाल्या. मॅडम गेल्यावर शिट्टीदादाने टाळी वाजवायला हात वर केला आणि पाणकोंबडीची आठवण होऊन खाली घेतला. रंगारी किती सावकाश काम करतो, हे सगळ्या तळ्याला माहीत होते. फाटकावर त्याने हरिणाचे चित्र काढायला घेतले तेव्हा समोर पाडस उभे केले होते. चित्र पुरे होईपर्यंत त्या पाडसाला शिंगे फुटली आणि ती त्याला नव्याने काढावी लागली. मचाणावरचा बाण अजून अर्धाच आहे. लोक अर्धी वाट जाऊन परत येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रंगारी सायकलवरून धक्क्यावर हजर झाला.

मावशींचा चेहरा पडला. "तुम्ही? आज?"

"मॅडम म्हणाल्या, व्याकरणाची चूक आहे," रंगाऱ्याने डबे खाली ठेवले. त्याचा आवाज दुखावलेला होता. "माझ्या हाताला उशीर म्हटलंय लोकांनी. चूक कुणी म्हटलं नव्हतं. कुठाय ती?"

मावशींनी फलकातला शब्द दाखवला. त्याने तो ओठ हलवत वाचला. मग कपाळाला हात लावला. "बोट म्हटल्यावर मी बोटच समजलो. म्हटलं, पाण्याचा अंदाज घेत असतील बोट घालून, गार आहे की गरम. मला वाटलं, किती काळजी आहे यांना पाहुण्यांची." तो ब्रश शोधू लागला. "एका मात्रेची वेलांटी करायची आहे. अर्ध्या तासाचं काम."

"अर्ध्या तासाचं?" शिट्टीदादा म्हणाला.

"घाई असेल तर पाव तास."

मावशी रंगाऱ्याला माझ्याकडे घेऊन आल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. रंगाऱ्याने आत पाहिले. त्या वेळी पाणकोंबडा अंड्यांवर बसायला आला होता आणि पाणकोंबडी उठत होती. दोघांची पाळी बदलेपर्यंत रंगारी बघत राहिला. मग तो आला तसा फलकापाशी परत गेला. अंड्यांचा विषय त्याने काढला नाही. फलकावर बोटाची टिचकी मारली, कान लावला आणि मान हलवली.

"हे असं नाही होणार," तो म्हणाला. "वरून वेलांटी मारली तर खालची मात्रा वर येईल. ऊन लागलं की जुना रंग बोलतो. आधी घासायला पाहिजे. मग अस्तर. अस्तर वाळलं पाहिजे. मग पुन्हा घासायचं. मग दुसरं अस्तर."

"किती दिवस?" मावशींनी विचारले.

"ते हवेवर आहे. तळ्याकाठची हवा. ओल असते."

त्याने पूर्ण सकाळ एक शब्द घासला. मग 'असावे' वर पांढरे अस्तर दिले. आता फलकात 'किमान एक बोट पाण्यात' एवढेच उरले, पुढे कोरी जागा. येणारे लोक थांबून वाचत आणि पुढे काय असेल याचा अंदाज करत. कुणी म्हणे 'सोडावी', कुणी म्हणे 'बुडाली'. मावशी त्यांना बाकावर बसवत आणि हळू आवाजात सांगत की आज बोट मिळणार नाही, पण बोटीत कोण आहे ते लांबून बघता येईल. लोक बाकावरून दुर्बिणी लावून माझ्याकडे बघत बसू लागले. माझ्यात न बसता मला बघायला लोक आले, असे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झाले. मी मान वर करून बसलो असतो, पण ती आहे तेवढीच.

रंगारी रोज येई, अस्तराकडे बघे, "नाही वाळलं" म्हणे आणि मावशींचा चहा पिऊन जाई. काही दिवसांनी मॅडम आल्या. रंगारी फलकासमोर स्टुलावर बसला होता.

"झालं का?"

"अस्तर ओलं आहे."

"एवढे दिवस?"

"हवा," रंगारी म्हणाला.

ऊन कडक पडले होते. धक्क्याच्या फळ्यांवर पाय ठेवला तरी भाजत होते. मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी फलकावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट टेकवले. मॅडमनी बोट उचलून डोळ्यांसमोर धरले. ते स्वच्छ होते, त्याला कणभरही पांढरे लागले नव्हते. मॅडमनी ते सगळ्यांदेखत पाहिले, मग एकदा लव्हाळ्याकडे पाहिले, आणि हात खिशात घातला.

"ओलं आहे अजून," त्या म्हणाल्या. "वाळलं की कळवा." आणि बूट वाजवत निघून गेल्या.

त्यानंतर लवकरच माझ्या पोटात चिवचिव सुरू झाली. पिल्ले म्हणजे काळ्या लोकरीचे गोळे, डोके टकले, चोच लाल, जणू सगळ्यांनी चोरून लालमाती खाल्ली आहे. एक दिवस ती आत होती. दुसऱ्या दिवशी आई माझ्या शेपटीवर उभी राहून हाका मारू लागली आणि एकेक पिल्लू शेपटीवरून पाण्यात टपकू लागले. मी आजवर पुष्कळ माणसे उतरवली. हात धरावा लागला नाही अशी ही पहिलीच.

एक अंडे मात्र फुटले नाही. पाणकोंबडी दोनदा परत येऊन त्यावर बसली, तिसऱ्यांदा आली नाही. मावशींनी आणखी थोडी वाट पाहिली. मग ते ओंजळीत घेऊन लव्हाळ्याच्या मुळाशी ठेवले आणि वर पाती ओढली. शिट्टीदादा टोपी काढून उभा होता.

मग मावशी कामाला लागल्या. पेडलांमधून पाती एकेक करून सोडवली, चाक धुतले, पंखाची चीर बुजवली. रंगाऱ्याने त्याच सकाळी येऊन वेलांटी काढली. खरोखर पाव तास लागला. वाळल्याचे कळवताच मॅडम आल्या. सगळे मिळून मला चिखलातून ओढू लागले. मी जागचा हलेना, तेव्हा बाकावरचे आजोबा उठले, नातवंडे उठली, आणि चिखलात बूट रुतवून मॅडमही लागल्या. मी पाण्यात पडलो. जरा गळलो, पण तरंगलो. मावशींनी मॅडमना विचारले, "आता लिहाल ना वरती?"

"लिहिते. बोट पाण्यात आहे, असं."

"बसायची की हाताचं, ते नका लिहू," मावशी म्हणाल्या.

त्या वेळी मॅडम हसल्या. आजोबांना आणि नातवंडांना मावशींनी हात धरून बसवले, उभे राहायचे नाही, वाकायचे नाही ते सांगितले आणि काठीने लोटून दिले. धक्का अजून आहे. मावशीही पाण्याकडे तोंड करूनच बसतात.

मित्रांनो, तळ्यावर अवश्य या. डबे सोबत आणा, कचरा सोबत न्या, माळेच्या अलीकडे राहा आणि दांड्यावरून भांडू नका. पण काठाला, परसात किंवा जिन्याखाली एखादी जुनी वस्तू पडलेली दिसली, तर ती रिकामी आहे असे धरून लगेच ओढू नका. रंग गेलेल्याच्या पोटातही कुणी राहायला आलेले असू शकते. दोरी सोडण्याआधी वाकून बघा. आत कुणी असेल तर थांबा, आणि ज्याला घाई असेल त्याला सांगा की अजून ओले आहे. फेरी उशिरा मारली तरी चालते. तळे कुठे जात नाही. मी एवढी वर्षे त्याच्यावर पाळत ठेवून आहे.